नाकारलेल्या खजुराचा दोष

गेल्या वर्षी शब-ए-बरातच्या आधी आमच्या फुलचूरच्या घरातील एका खोलीला रंग द्यायचे ठरले. खोली अम्मींची, म्हणजे माझ्या सासूबाईंची. बारा फूट लांब, दहा फूट रुंद, पूर्वेला एक खिडकी आणि खिडकीसमोर शेजाऱ्यांची हिरवी भिंत. एवढ्याशा कामावर कोणी काही लिहावे असे त्यात काहीच नाही. पण या कामात तीन दिवस गेले, घरात अबोला झाला, एका कारागिराची रोजी बुडाली आणि माझ्या नोकरीतील एक जुनी गोष्ट वर आली, जी मी विसरले आहे असे स्वतःला सांगत होते. म्हणून हे लिहिते आहे.

फुलचूर हे आता नावाला गाव. गोंदिया शहर त्याला येऊन भिडले आहे. पण अम्मी या घरात नवी नवरी म्हणून आल्या तेव्हा भिंती मातीच्या होत्या. दरवर्षी त्यांना छुईचा, म्हणजे पांढऱ्या मातीचा हात दिला जाई आणि खाली जमिनीलगत व दाराच्या कडेने गेरूचा पट्टा ओढला जाई. पुढे विटांच्या भिंती झाल्या तेव्हा चुना आला. चुन्यात थोडी नीळ टाकली की भिंत अधिक पांढरी दिसते, एवढेच रंगाचे ज्ञान घराला पुरत होते. छुई असो की चुना, निवडायचे काही नव्हते. जे मिळे ते भिंतीला लागे.

आता दुकानात शेड कार्ड मिळते. 1942 साली मुंबईत चार मित्रांनी सुरू केलेली एशियन पेंट्स ही कंपनी असो की दुसरी कोणती, सर्वांच्या कार्डांवर नुसत्या पांढऱ्याच्या आसपासचेच कितीतरी रंग असतात. साय, लोणी, बदाम, हस्तिदंत, वाळू, बिस्किट. दुकानदार मशीनखाली पांढऱ्या बेसचा डबा ठेवतो. मशीन त्यात पिवळ्या ऑक्साइडचे काही थेंब सोडते, लाल ऑक्साइडचे त्याहून कमी, आणि रंग जास्त भडक होऊ नये म्हणून किंचित काळा. दोन शेजारच्या रंगांत फरक असतो तो या थेंबांचा. चार लिटरच्या डब्यात चमचाभरही नाही. मात्र एकदा रंग मिसळला की दुकानदार डबा परत घेत नाही. त्यामुळे तो चमचाभर फरक माणसाच्या डोक्यात घागरीएवढा होतो.

आमच्याकडे दोन रंग उरले. एकाला मुलांचे अब्बू 'मलाई' म्हणू लागले, दुसऱ्याला मी 'गंदुमी' म्हणजे गव्हाळ म्हणू लागले. नावे कार्डावरची नव्हती, आमचीच होती. पण नावे पडली आणि पक्ष पडले. पुट्टी घासून, प्रायमर मारून पेंटर भाऊ तयार होते. "रंग कोणता आणू?" त्यांनी विचारले. आम्ही म्हणालो, दोन्हींचा एकेक हात भिंतीवर मारून दाखवा, मग सांगतो. त्यांनी हातभर लांबीचे दोन पट्टे मारले. ओले असताना दोन्ही सारखे दिसले. वाळल्यावर दोन्ही थोडे गडद झाले आणि मग थोडे वेगळे दिसू लागले. आम्ही म्हणालो, संध्याकाळी दिव्यात पाहू, उद्या या.

सकाळी पूर्वेच्या उन्हात मलाई छान दिसे. दुपारी ऊन गेले की समोरच्या हिरव्या भिंतीचा उजेड आत येई आणि मलाई आजारी माणसाच्या चेहऱ्यासारखी फिकट हिरवट दिसे. गंदुमी तेव्हा टिकून राही. रात्री पांढऱ्या ट्यूबमध्ये गंदुमी मळका वाटे. मुलांच्या अब्बूंनी स्वयंपाकघरातील पिवळा बल्ब काढून तिथे लावला तर दोन्ही पट्ट्यांतील फरकच नाहीसा झाला. दिव्याच्या खोक्यावर एक आकडा छापलेला असतो. पिवळसर उजेडाचा 2700 केल्विन, निळसर पांढऱ्याचा 6500 केल्विन. रंग डब्यात असतो असे आपण समजतो, पण अर्धा रंग त्या आकड्यात असतो.

ही गोष्ट नवी नाही. बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत काम केलेल्या इब्न अल-हैसम यांनी अकराव्या शतकाच्या सुरुवातीला प्रकाश आणि दृष्टी यांवर 'किताब अल-मनाझिर' हा मोठा ग्रंथ लिहिला. एकाच रंगाचे ठिपके पांढऱ्यावर काढले तर गडद दिसतात आणि काळ्यावर काढले तर फिकट दिसतात, हे त्यात त्यांनी नोंदवले आहे. आठशे वर्षांनंतर पॅरिसच्या गोबलँ या सरकारी गालिच्यांच्या कारखान्यात शेवरल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाकडे तक्रार आली की काळा धागा नीट काळा उतरत नाही. त्यांनी तपासले तर धागा ठीक होता, शेजारचा रंग त्याला फिका पाडत होता. 1839 साली त्यांनी यावर ग्रंथ प्रसिद्ध केला.

आणि शास्त्रज्ञही यात फसतात. 2002 साली अमेरिकेतील दोन खगोलशास्त्रज्ञांनी दोन लाखांहून अधिक आकाशगंगांचा प्रकाश एकत्र करून विश्वाचा सरासरी रंग काढला. आधी त्यांनी जाहीर केले की तो फिकट हिरवट निळा आहे. दोन महिन्यांनी त्यांना चूक दुरुस्त करावी लागली. त्यांच्या संगणकाने 'पांढरा' कशाला म्हणायचे हे चुकीचे धरले होते. दुरुस्तीनंतर विश्वाचा रंग निघाला दुधाळ बदामी. अम्मींच्या खोलीसाठी आम्ही ज्यावर भांडत होतो, जवळपास तोच. पांढरा कशाला म्हणायचे हे ठरल्याशिवाय कुठलाही रंग ठरत नाही, आणि ते ठरवणारे शेवटी आपणच असतो.

दुसऱ्या दिवशीही पेंटर भाऊ आले, उभे राहिले आणि परत गेले. मुलांचे अब्बू म्हणाले की मी उगाच ताणते आहे. मी म्हणाले की एवढे सोपे आहे तर तुम्हीच माघार घ्या. पुढचे बोलणे रंगाबद्दल नव्हते. या घरात माझा शब्द किती चालतो, माझ्या पगारातून आलेल्या वस्तूवर माझा हक्क किती, हे सर्व त्या दोन पट्ट्यांत शिरले. फरक जितका कमी, तितके आपण त्याला घट्ट धरतो. मोठा फरक असता तर पुराव्याने निकाल लागला असता. इथे पुरावा नव्हता, म्हणून हट्ट होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या लक्षात आले की ज्यांची खोली आहे त्यांना आम्ही विचारलेच नाही.

अम्मींच्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, डाव्याचे व्हायचे आहे. मी त्यांना पट्ट्यांसमोर उभे केले. त्यांनी डावा डोळा हाताने झाकून पाहिले, मग उजवा झाकून पाहिले, आणि हसल्या. "इस आँख से दोनो सफेद दिखते, उस आँख से दोनो पीले," त्या म्हणाल्या. वयाबरोबर डोळ्याचे भिंग पिवळट होत जाते आणि निळा उजेड अडवते. ऑपरेशनमध्ये ते काढून स्वच्छ भिंग बसवतात, म्हणून त्या डोळ्याला जग अधिक पांढरे, निळसर दिसते. म्हणजे ज्या फरकासाठी आम्ही दोन रात्री भांडलो, त्याहून मोठा फरक अम्मींच्या दोन डोळ्यांच्या मध्ये रोज होता आणि त्यांनी कधी तक्रार केली नव्हती.

मी विचारले, "फिर आपको क्या चाहिए?" त्या भिंतीकडे न पाहता दाराकडे गेल्या. चौकटीवर हात ठेवून म्हणाल्या, "ये काला कर दो, नहीं तो गेरू. रात को उठती तो दरवाजा नहीं दिखता." आम्ही चौकटही भिंतीच्याच रंगात घ्यायची ठरवली होती, कारण तशी आजकाल पद्धत आहे. पिवळट डोळ्याला फिकट भिंतीत फिकट चौकट दिसत नाही. अम्मी रात्री उठून भिंत चाचपत दार शोधत होत्या, आणि आम्ही त्याच भिंतीवर साय बरी की गहू बरा हे पाहत होतो. जुन्या मातीच्या घरात दाराच्या कडेने गेरूचा पट्टा का ओढत, हेही मला त्या दिवशी कळले. मी तो नुसता शोभेचा समजत होते.

मी विज्ञानाची पदवीधर आणि बी.एड. असल्याने तत्त्वज्ञानाशी माझा संबंध शिक्षणशास्त्राच्या पेपरापुरता होता. पण दोन सारख्या गोष्टींतून एक कशी निवडावी या प्रश्नावर आपल्याकडील दोन मोठ्या माणसांचा वाद झाला आहे हे मला ठाऊक होते. या प्रसंगानंतर तो मला खरा समजला.

इमाम गझाली यांनी 1095 साली बगदादमध्ये 'तहाफुत अल-फलासिफा' पूर्ण केला. तत्त्वज्ञांनी त्यात एक अडचण पुढे केलेली आहे. सगळे क्षण सारखेच असतील तर अल्लाहने हे विश्व एका क्षणी निर्माण केले आणि दुसऱ्या क्षणी नाही, असे का? कारणाशिवाय निवड होऊच शकत नाही, असे तत्त्वज्ञांचे म्हणणे. गझालींनी उत्तरात खजुराचा दाखला दिला. एका माणसाला खजूर खायची इच्छा आहे. समोर दोन खजूर आहेत, आकार, रंग, अंतर सगळ्यांत अगदी सारखे, आणि त्याला एकच घेता येतो. तो काय उपाशी बसून राहील? नाही, तो एक उचलेल. सारख्यातून एकाला वेगळे काढणे हेच इराद्याचे, इच्छाशक्तीचे काम आहे. युरोपात पुढे दोन सारख्या गवताच्या भाऱ्यांमध्ये उपाशी मेलेल्या गाढवाची गोष्ट चौदाव्या शतकातील ब्युरिदान या पंडिताच्या नावावर खपली, पण खजूर त्याच्या दोनशे वर्षे आधीचे आहेत. आणि गझालींचा माणूस गाढवाहून शहाणा आहे, तो जेवतो.

गझालींना शंभर वर्षांच्या आत कुर्तुब्याच्या इब्न रुश्द यांनी उत्तर दिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: या माणसाने एका खजुराला दुसऱ्यावर पसंती दिलीच नाही. त्याने खाण्याला न खाण्यावर पसंती दिली. कोणता खजूर हाती आला याला महत्त्व नाही. खरी निवड दुसरीकडेच होती.

पुस्तकात यांतील एकच बरोबर असू शकतो. अम्मींच्या खोलीत मला दोघेही बरोबर दिसले. इब्न रुश्द बरोबर, कारण आमची खरी निवड मलाई आणि गंदुमीमध्ये नव्हतीच. ती अम्मींना विचारणे आणि न विचारणे यांच्यामध्ये होती, आणि ती आम्ही दोन दिवस चुकीची करत होतो. सारख्या वस्तूंवर फार वेळ अडून राहिलो तर एकदा आजूबाजूला पाहावे. बहुधा खरा प्रश्न बाजूला उभा असतो आणि आपण त्याच्याकडे पाठ केलेली असते.

आणि गझालीही बरोबर. चौकटीचे ठरल्यावर मी अम्मींना म्हणाले, "आता भिंतीचा रंग तुम्हीच सांगा." त्या म्हणाल्या, मला दोन्ही एकच. मी म्हणाले, तरी सांगा. त्यांनी थोडे थांबून मलाईवर बोट ठेवले. मी विचारले, का? "बस, ऐसेच," त्या म्हणाल्या आणि त्यांना हसू आले. साठ-पासष्ट वर्षांच्या आयुष्यात त्यांनी कारणाशिवाय काही निवडले असेल असे मला वाटत नाही. कापड टिकाऊ म्हणून घेतले, तांदूळ स्वस्त म्हणून, नवरा वडिलांनी ठरवला म्हणून. ज्याच्याकडे पर्याय नसतात त्याला प्रत्येक गोष्टीचे कारण द्यावे लागते. 'बस, ऐसेच' म्हणता येणे ही चैन आहे, आणि प्रत्येक माणसाला ती आयुष्यात कधीतरी मिळाली पाहिजे. गझालींच्या माणसाचा तो हात, जो विनाकारण एका खजुराकडे जातो, तो माणसाचा मानही आहे.

इब्न रुश्दांच्या कसोटीवर आमची दुसरी चूकही निघाली. पेंटर भाऊंचे दोन दिवस. मुलांचे अब्बू आधी म्हणाले, काम झाले नाही तर मजुरी कसली? व्यवहारात हे खरे वाटते. पण काम झाले नाही ते आमच्यामुळे. आमचे मन ठरत नव्हते आणि त्याचा खर्च दुसऱ्याच्या चुलीवर पडत होता. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याचा दाम द्यावा ही शिकवण आपण मुलांना पाठ करायला लावतो. ज्याला घाम गाळण्याचीच संधी आपण दिली नाही, त्याचे काय? मी दोन दिवसांचे पैसे पुढे केले. त्यांनी एकाच दिवसाचे घेतले. दुसऱ्या दिवशी मला दुसरीकडे अर्धा दिवस काम मिळाले होते, ते म्हणाले. आमच्यापेक्षा त्यांचा हिशोब चोख होता.

इथवर गोष्ट सरळ आहे. पण खोली रंगवून आठ दिवस झाले नाहीत तोच एक चमत्कारिक गोष्ट मला ऐकू आली. मुलांचे अब्बू पाहुण्यांना सांगत होते, "दुसरा रंग फारच मळकट होता." आणि मी, जिने गंदुमीसाठी दोन रात्री वाद घातला होता, मीही मान हलवत होते. मलाही तो आता मळकट वाटू लागला होता. कपाटामागे त्याचा पट्टा तसाच राहिला आहे. मी जाऊन पाहिला. तो जसा होता तसाच होता.

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात जॅक ब्रेम या मानसशास्त्रज्ञाने केलेला एक प्रयोग 1956 साली प्रसिद्ध झाला. त्याने स्त्रियांना टोस्टर, रेडिओ अशा घरगुती वस्तू दाखवून प्रत्येकीला गुण द्यायला सांगितले. मग दोन वस्तूंतून एक निवडून घरी न्यायला दिली. नंतर पुन्हा गुण विचारले. निवडलेल्या वस्तूचे गुण वाढले होते आणि सोडलेल्या वस्तूचे घटले होते. आणि दोन वस्तू सुरुवातीला जवळजवळ सारख्या आवडलेल्या असतील तर हा बदल अधिक होत असे. वस्तू बदललेली नसते. आपण कारण नसताना निवडले हे मनाला सहन होत नाही, म्हणून ते मागाहून कारण तयार करते, आणि ते नाकारलेल्याच्या माथी मारते.

भिंतीच्या रंगाला याने काही होत नाही. पण आपण ही सवय माणसांवरही चालवतो.

माझे लग्न ठरण्याआधी एक घर मला पाहून गेले. निरोप आला की मुलगी गंदुमी आहे. दुसऱ्या घरून निरोप आला की रंग दबता आहे. चेहरा एकच होता, दिवसही फारसे गेले नव्हते. फरक असला तर आमच्या बैठकीतील उजेडाचा असेल. नकार द्यायचा हक्क त्यांना होता. हुंडा, घर, शिक्षण, मनाचा कल, काहीही कारण असू शकते, किंवा नुसते 'बस, ऐसेच'. पण ते सांगायला जीभ वळत नाही, म्हणून नकाराचे कारण माझ्या गालावर शोधले गेले. मला त्यानंतर बरीच वर्षे आरशात गहू दिसत नव्हता, दबता रंगच दिसत होता. दुसऱ्याने सोय म्हणून दिलेले कारण ज्याला मिळते तो ते खरे समजून जपून ठेवतो.

हे स्वतः भोगूनही मी तेच केले. काही वर्षांपूर्वी शाळेत 15 ऑगस्टच्या भाषणासाठी सातवीतील एक मुलगी निवडायची होती. दोघींनी तयारी केली होती. उच्चार, पाठांतर, हिंमत, सगळ्यांत दोघी बरोबरीच्या. मला एक ठरवावी लागली आणि मी ठरवली. दुसरी माझ्यासमोर उभी राहिली. "मॅडम, मेरी क्या गलती थी?" तिने विचारले. मला म्हणता आले असते की बेटा, काही नाही. पण मग तिने विचारले असते की तर मग ती का? त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. मी म्हणाले, "तुम्हारी आवाज पीछे तक नहीं जाती." हे खोटे होते. तिचा आवाज मैदानाच्या टोकापर्यंत जात होता. पण नंतर तो खरोखर जाईनासा झाला. वर्गात धडा वाचताना ती पुटपुटू लागली. मी तिला मोठ्याने वाच म्हणत राहिले आणि मी काय केले आहे हे मला दिसत असूनही पाहिले नाही.

कोणी म्हणेल, मग फरक पाहायचाच नाही का? तसे नाही. आमचा जिल्हा धानाचा. इथल्या राईस मिलमधून अरवा तांदूळही निघतो आणि उसनाही. उसन्यासाठी धान भिजवून, वाफवून, वाळवून मग भरडतात. त्यामुळे त्याच्या दाण्याला हलकी पिवळट झाक येते. जाणता माणूस मूठभर दाणे उजेडात धरून लगेच सांगतो. हा फरकही मलाई आणि गंदुमीइतकाच बारीक आहे, पण त्याच्या मागे काहीतरी आहे. दाणा कमी तुटतो, शिजायला वेळ वेगळा लागतो, भात वेगळा होतो. बारीक फरक ओळखणे हे कसब आहे. प्रश्न एवढाच विचारायचा की या फरकातून पुढे काही निघते का? निघत असेल तर पाहा, तपासा, वेळ घ्या. आणि निघत नसेल तर कबूल करा की निवड माझी आहे, वस्तूची नाही.

बरोबरीच्या माणसांत निवड करायची तर आपल्या परंपरेत त्यासाठी एक प्रामाणिक रीत आहे. हक्क सारखे असतील तर कुरआ, म्हणजे चिठ्ठी. प्रवासाला निघताना कोणत्या पत्नीने सोबत यावे हे पैगंबर साहेब चिठ्ठी टाकून ठरवत, असे हदीसमध्ये आले आहे. हजरत मरियम यांचा सांभाळ कोणी करावा यासाठी कलमे टाकली गेल्याचा उल्लेख कुरआनात आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार खासगी शाळांत ज्या 25 टक्के जागा ठेवाव्या लागतात, त्यांचे प्रवेशही महाराष्ट्रात सोडतीने होतात. चिठ्ठी म्हणजे विचार करण्याचा आळस असे मला पूर्वी वाटे. आता वाटते की चिठ्ठी नाकारलेल्याला एक गोष्ट स्पष्ट सांगते: तुझ्यात काही कमी नव्हते. एवढे एक वाक्य मी त्या मुलीला देऊ शकले नव्हते.

अम्मींच्या खोलीचे काम झाल्यावर काही आठवड्यांनी ती मुलगी मला बाजारात तिच्या आईसोबत भेटली. आता ती दुसऱ्या शाळेत नववीत आहे. मी तिला बाजूला घेऊन सांगितले की त्या वर्षी तुम्ही दोघी बरोबरीच्या होत्या, मी एक निवडली, आणि तुझ्या आवाजाबद्दल जे बोलले ते खोटे होते. ती गोंधळली. तिला ते भाषण आठवत होते की नाही हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळेना. मग तिने विचारले, "मतलब आवाज ठीक थी?" मी म्हणाले, "ठीक थी." तिने मान हलवली आणि आईकडे गेली. माझे मन हलके झाले असे मी लिहिणार नाही. दोन वर्षे ती जे पुटपुटत वाचली, ते माझ्या या दोन शब्दांनी भरून निघणारे नाही.

पण एवढे मी शिकले. सारख्यातून निवडावे लागतेच, त्यात गुन्हा नाही. अडून बसलो तर त्याची किंमत कोण मोजतो हे पाहावे, आणि ती स्वतः मोजावी. ज्याच्यासाठी निवडतो त्याला आधी विचारावे. आणि एक खजूर उचलल्यावर दुसऱ्याला किडका म्हणू नये. या वर्षी शाळेत भाषणासाठी पुन्हा दोन मुले बरोबरीची निघाली. मी वर्गासमोर दोन चिठ्ठ्या टाकल्या आणि सर्वात लहान मुलाला एक उचलायला सांगितली. ज्याचे नाव निघाले नाही तो थोडा हिरमुसला. दुसऱ्या दिवशी मी धडा वाचायला त्यालाच उभे केले. त्याचा आवाज होता तेवढाच मोठा होता.